विषाणू वीजघरातच का शिरतो?

पावसाळा सरत आला की डेंग्यूच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग ठरलेली तक्रार येते. ताप जाऊन तीन आठवडे झाले, प्लेटलेट्स वर आल्या, रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी दोन जिने चढले की बसावंसं वाटतं. अंगात त्राणच नाही. चिकुनगुनियानंतर तेच, फ्लूनंतर तेच. कोविडनंतर तर ही तक्रार इतकी वाढली की ‘लाँग कोविड’ असं नावच पडलं. हल्ली या सगळ्यावर मोबाइलवर एकच उत्तर फिरत असतं : ‘व्हायरसने तुमचे मायटोकाँड्रिया मारले.’ आणि खाली लगेच कसल्या तरी कॅप्सूलची लिंक.

यात तथ्य आहे, पण अर्धंच. विषाणू मायटोकाँड्रियाच्या वाटेला जातात हे पक्कं आहे. ते तिथे ऊर्जा लुटायला जातात, हा समज मात्र बराचसा चुकीचा. त्यांचा डोळा असतो तो तिथल्या दुसऱ्याच एका गोष्टीवर.

आधी मायटोकाँड्रिया म्हणजे काय

शाळेच्या पुस्तकात यांना तंतुकणिका म्हटलेलं असतं आणि पुढे ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ एवढं लिहिलं की गुण मिळतात. पेशीच्या आतल्या या बारीक पिशव्या. यकृताच्या एका पेशीत त्या हजाराच्या वर असतात, हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग त्यांनीच भरलेला असतो, आणि तांबड्या रक्तपेशीत एकही नसते. अन्नातली साखर आणि चरबी इथे प्राणवायूच्या मदतीने जाळली जाते आणि त्यातून एटीपी नावाचा रेणू तयार होतो. स्नायू आकसायचा असो, मेंदूतून संदेश पाठवायचा असो की नवं प्रथिन बांधायचं असो, पेशीला एटीपी खर्चावा लागतो. मायटोकाँड्रिया नसले तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे २ एटीपी हाती लागतात. ते असले की हाच आकडा ३० च्या आसपास जातो.

मायटोकाँड्रियाला दोन आवरणं असतात. आतलं घड्याघड्यांचं, आणि त्याच्या दोन बाजूंमध्ये दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास विद्युतदाब राखलेला असतो. एटीपी बनवणारं यंत्र या दाबावर खरोखरच गरगर फिरतं. दाब उतरला की निर्मिती थांबली. बाहेरच्या आवरणाबद्दल शाळेत कुणी फारसं बोलत नाही, पण विषाणूंच्या बाबतीत खरी कामाची जागा तीच आहे.

आणखी एक गोष्ट पुढे लागणार आहे. मायटोकाँड्रियाचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. अवघी ३७ जनुकं, १६,५६९ अक्षरं, आणि तो आपल्याला आईकडून मिळतो. याचं कारण फार जुनं आहे. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी एका पेशीच्या पोटात एक जिवाणू गेला, तो पचला नाही, तिथेच नांदू लागला, आणि आजचे मायटोकाँड्रिया हे त्याचेच वंशज. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ही कल्पना नव्याने, पुरावे जोडून मांडली तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली होती. आज ती पाठ्यपुस्तकात आहे.

वीजघराच्या छतावरचा भोंगा

एखाद्या जुन्या गावातलं नगरपालिकेचं वीजघर डोळ्यांपुढे आणा. आत जनित्रं घरघरतायत. आग लागली की वाजवायचा गावाचा भोंगाही त्याच इमारतीच्या छतावर बसवलेला आहे. आणि एखादी इमारत धोकादायक झाली, पाडायची वेळ आली, तर तो हुकूमही याच वीजघरातल्या कपाटात ठेवलेला आहे. मायटोकाँड्रिया ही तिन्ही कामं करतो.

भोंग्याचा शोध तसा अलीकडचा. पेशीत पहारेकरी प्रथिनं असतात आणि ती विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, ओळखतात, हे माहीत झालं होतं. ही खबर मिळाल्यावर पेशी इंटरफेरॉन बनवते, हेही जुनंच ज्ञान. लंडनमध्ये १९५७ साली सापडलेला हा पदार्थ शेजारच्या पेशींना सावध करतो. मधली कडी मात्र हरवली होती. २००५ मध्ये अमेरिकेत डॅलसला झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेने ती शोधली. मॅव्हस नावाचं प्रथिन. ते सापडलं मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या आवरणावर, शेपटी आत रोवून उभं असलेलं. विषाणूची खबर ऊर्जाकेंद्रातून जाते हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच वर्षी आणखी तीन गटांनी तेच प्रथिन स्वतंत्रपणे शोधलं आणि प्रत्येकाने आपलं वेगळं नाव ठेवलं. चार गट, चार बारशी. शास्त्रज्ञांनाही नावांचा मोह सुटत नाही.

पहारेकऱ्याकडून खबर आली की आवरणावरचे मॅव्हस एकमेकांना चिकटत जातात, त्यांची लांब दोरी तयार होते, आणि तिथून केंद्रकाकडे इशारा जातो. चेन यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली होती. मॅव्हसची शेपटी काढून उरलेलं प्रथिन पेशीत मोकळं सोडलं. प्रथिन होतं, पण इशारा जाईना. म्हणजे मॅव्हस नुसतं असून भागत नाही, ते जागेवर असावं लागतं.

तिसऱ्या कामाचंही थोडक्यात सांगतो. संसर्ग हाताबाहेर गेला की पेशी स्वतःला संपवते, म्हणजे आतला विषाणूही तिच्याबरोबर संपतो. त्यासाठी मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर सोडलं जातं. एरवी हेच प्रथिन ऊर्जानिर्मितीत राबत असतं. ते बाहेर पडलं की पाडकामाचा हुकूम निघाला.

हेपॅटायटिस सी ची कात्री

हा विषाणू आपली बरीचशी प्रथिनं एका लांबलचक पट्टीच्या रूपात बनवतो आणि मग स्वतःच्याच एका एन्झाइमने तिचे तुकडे करतो. त्या एन्झाइमला आपण कात्री म्हणू. ही कात्री पट्टी कापता कापता आणखी एक काम उरकते.

मॅव्हस म्हणजे ५४० अमिनो आम्लांची माळ. आवरणात रोवलेली शेपटी तिच्या अगदी शेवटी. कात्री बरोबर ५०८ व्या ठिकाणी, शेपटीच्या जरा अलीकडे, एकच काप घालते. मॅव्हसचा उरलेला जवळजवळ सगळा भाग शाबूत राहतो, फक्त मायटोकाँड्रियावरून सुटून पेशीत तरंगू लागतो. भोंग्याचे बोल्ट काढून तो खाली ठेवून दिल्यासारखं. जनित्रं चालूच आहेत, गावात दिवे आहेत, आणि आग लागल्याचं कुणाला कळत नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारा तपशील हाच वाटतो. चेन यांनी प्रयोगशाळेत मुद्दाम जे केलं, ते हा विषाणू यकृतात रोज करत होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार हेपॅटायटिस सी झालेल्यांपैकी सुमारे ७०% लोकांत तो शरीरात कायमचं ठाण मांडतो. याला हा एकच काप कारणीभूत आहे असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. हेपॅटायटिस ए चा विषाणूही मॅव्हस कापतो, आणि तो आजार कधीच जुनाट होत नाही. कावीळ होते, काही आठवड्यांत उतरते, विषाणू निघून जातो. तेव्हा भोंगा बंद पाडणं हा डाव आहे, पण अख्खा खेळ नाही. २०११ पासून हेपॅटायटिस सी वर जी नवी औषधं आली, त्यांतला एक गट याच कात्रीला जखडून टाकतो. त्यामुळे विषाणूची पट्टी न कापताच पडून राहते.

बाकीच्यांच्या तऱ्हा

कोविडचा विषाणू कापाकापी न करता भोंग्याची जोडणी अडवतो. मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या आवरणावर टॉम-७० नावाचं प्रथिन असतं, आणि मॅव्हसचा इशारा पुढे नेणारे मदतनीस त्याच्या एका खाचेत येऊन बसतात. कोविडच्या विषाणूचं एक छोटं प्रथिन त्याच खाचेत आधीच ठिय्या देतं. २०२० मध्ये, साथ ऐन भरात असतानाच, हे उघड झालं.

फ्लूच्या विषाणूत २००१ मध्ये ८७ अमिनो आम्लांचं एक प्रथिन सापडलं. ते थेट मायटोकाँड्रियावर जातं आणि रोगप्रतिकारक पेशींना मरणाच्या वाटेला लावतं. हा शोध गाजला. पण २००९ च्या स्वाइन फ्लूने, ज्याचा भारतातला पहिला बळी पुण्यात गेला, ही गोष्ट गुंतागुंतीची केली. त्या विषाणूत हे प्रथिन ११ अमिनो आम्लांवरच खुंटलेलं होतं, आणि तरीही त्याने जगभर साथ पसरवली.

ओठांवर पुरळ आणणारा हर्पिसचा विषाणू मायटोकाँड्रियाचा डीएनएच नष्ट करतो. त्याच कुळातला सायटोमेगालो विषाणू नेमकं उलट वागतो. त्याने ग्रासलेल्या पेशीत मायटोकाँड्रियाची संख्या वाढते, आणि पाडकामाचा हुकूम निघू नये म्हणून हा विषाणू आपलं एक प्रथिन तिथे बसवून ठेवतो. त्याला पेशी बराच काळ जिवंत हवी असते. भावकी एकच, पण रीत दोघांची वेगळी.

आता डेंग्यू. मायटोकाँड्रिया एका जागी गप्प बसलेले नसतात. ते एकमेकांत मिसळतात, पुन्हा तुटतात, आणि बिघडलेला तुकडा वेगळा काढून पेशी तो मोडीत घालते. डेंग्यूच्या विषाणूची कात्री या मिसळण्याला लागणारी प्रथिनं कापते, असं २०१५ मध्ये दिसलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाला डेंग्यूच्या दुसऱ्या एका प्रथिनामुळे मायटोकाँड्रिया उलट लांबच लांब झालेले दिसले. दोन्ही प्रयोग नीट केलेले. पेशी वेगळ्या, वेळ वेगळी, प्रथिनं वेगळी. यातून एक ओळीचं तात्पर्य काढणाऱ्यापासून जरा लांबच राहिलेलं बरं. मात्र दोन्हीकडे इंटरफेरॉनचा इशारा मंदावत होता, आणि माझ्या मते लक्षात ठेवायचं ते एवढंच.

पण बसल्या फांदीवर कोण कुऱ्हाड घालेल?

ही शंका रास्त आहे. नवे विषाणू बांधायला ऊर्जा लागतेच, मग वीजघर बिघडवून विषाणूचा फायदा काय?

पहिलं म्हणजे, विषाणूला पेशी वर्षानुवर्षं नको असते. फ्लूच्या विषाणूची पहिली पिलावळ सहा-आठ तासांत बाहेर पडायला लागते. तेवढा वेळ निभावलं की झालं. दुसरं, अनेक विषाणू पेशीला मायटोकाँड्रियाविना साखर जाळायला लावतात. त्यात एटीपी कमी मिळतो, पण झटपट मिळतो, आणि वाटेत जे अर्धवट जळलेले रेणू उरतात ते नव्या विषाणूंचा आरएनए आणि आवरणं बांधायला कच्चा माल म्हणून चालतात. आणि तिसरं, ज्यांना पेशी टिकवायची असते ते मायटोकाँड्रियाची नीट काळजी घेतात, सायटोमेगालोसारखी. हेपॅटायटिस बी आणि सी चे विषाणू तर बिघडलेले तुकडे मोडीत काढायचा वेग वाढवतात, म्हणजे पेशी मरतही नाही आणि बरीही होत नाही. भोंगा गप्प ठेवणं यातल्या बहुतेकांच्या यादीत आहे. जनित्रांचं नुकसान पुष्कळदा त्या झटापटीत ओघाने होतं.

वीजघरातून सांडलेला डीएनए

मायटोकाँड्रियाचे पूर्वज जिवाणू होते हे वर आलंच. त्याचा परिणाम असा, की आवरण फुटून त्यांचा डीएनए पेशीत सांडला, तर पेशीला तो परका वाटतो. पेशीचे डीएनए ओळखणारे पहारेकरी वेगळे असतात, ते उठतात आणि आणखी एक इशारा सुरू होतो. डेंग्यू आणि फ्लू हे आरएनएवाले विषाणू. डीएनएच्या पहारेकऱ्यांना त्यांच्याशी काही देणंघेणं नसायला हवं. तरी ते जागे होतात, कारण सांडलेला डीएनए आपलाच असतो.

विषाणूच्या दृष्टीने हा घोटाळाच, आणि डेंग्यूने त्याचीही तजवीज केली आहे. तो या दुसऱ्या साखळीतली प्रथिनंही मोडतो. आपल्या दृष्टीनेही हे दुधारी आहे. इशारा वेळेवर गेला तर विषाणू आवरतो, पण वाजतच राहिला तर दाह आपल्याच ऊतींना भाजून काढतो.

तापानंतरचा थकवा याच्यामुळेच का?

इथे जरा सावकाश जायला हवं. तापात जी हाडं मोडल्यासारखी दुखतात, गळून जायला होतं, त्यात इंटरफेरॉन आणि त्याच्या जोडीच्या पदार्थांचा मोठा वाटा असतो. पूर्वी हेपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने द्यावी लागत. तेव्हा रुग्णांना फ्लू झाल्यासारखी कणकण आणि थकवा येई. म्हणजे थकवा आला याचा अर्थ मायटोकाँड्रिया मेले असा होत नाही. भोंगा नीट वाजला, असाही होऊ शकतो.

कोविडबाबत मात्र ठोस निरीक्षणं आहेत. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातले डग्लस वॉलेस आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये कोविडने दगावलेल्यांच्या अवयवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसांत मायटोकाँड्रियाच्या जनुकांचं काम पूर्ववत होऊ लागलं होतं, पण हृदय, यकृत, मूत्रपिंड इथे ते दबलेलंच राहिलं होतं. लक्षात घ्या, ही दगावलेल्या, म्हणजे अतिगंभीर रुग्णांची गोष्ट आहे. घरी राहून पाच दिवसांत बऱ्या झालेल्या माणसाला ती जशीच्या तशी लावता येत नाही.

दुसरा अभ्यास ॲम्स्टरडॅमचा, जानेवारी २०२४ मधला. लाँग कोविडचे २५ रुग्ण आणि २१ निरोगी माणसं. सगळ्यांना सायकल मारायला लावली, आणि त्याच्या एक आठवडा आधी व नंतर दुसऱ्या दिवशी मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासला. श्रमानंतर रुग्णांच्या स्नायूंत मायटोकाँड्रियाचं काम आणखी घसरलेलं होतं आणि स्नायूंना इजाही दिसत होती. ‘काल जरा जास्त चाललो तर आज उठवत नाही’ म्हणणारा माणूस नाटक करत नसतो, हे निदान यांच्या बाबतीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं.

हेच निष्कर्ष उचलून डेंग्यूला चिकटवता येणार नाहीत. डेंग्यूनंतरचा थकवा बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो. लांबला तर हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ या साध्या तपासण्या आधी कराव्यात. पुष्कळदा चोर तिथेच सापडतो.

‘उठ, चालायला लाग, आपोआप शक्ती येईल’

घरोघरी दिला जाणारा हा सल्ला साध्या अशक्तपणाला चालून जातो. पण श्रमानंतर एक-दोन दिवसांनी प्रकृती ढासळत असेल, तर रोज थोडं थोडं वाढवत नेण्याचा हट्ट उलटू शकतो. याच तऱ्हेचा त्रास असणाऱ्या जुनाट थकव्याच्या आजारात, ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवण्याची शिफारस काढून टाकली.

मग त्या कॅप्सूल?

आतल्या आवरणात को-एन्झाइम क्यू-१० नावाचा एक रेणू लागतो. तो पुरवला की वीजघर पुन्हा धडाडेल, हा कॅप्सूलवाल्यांचा युक्तिवाद कागदावर छान वाटतो. डेन्मार्कमध्ये लाँग कोविडच्या सुमारे १२० रुग्णांना रोज ५०० मिलिग्रॅम, सहा आठवडे देऊन पाहिलं. खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. जन्मजात काही दुर्मिळ आजारांत शरीर हा रेणू बनवूच शकत नाही, तिथे तो औषधच आहे, पण ती गोष्ट निराळी. मुळात तक्रार भोंगा आणि दाहाची असेल, तर जनित्राला जादा तेल घालून काय साधणार?

औषधाचा हात लागतो तेव्हा

मायटोकाँड्रियाला धक्का विषाणूच देतो असं नाही. फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात मुलाला ॲस्पिरिन दिलं, तर क्वचित एक भयंकर आजार होतो. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डग्लस राय यांनी तो नोंदवला, म्हणून राय सिंड्रोम. यकृतातले मायटोकाँड्रिया सुजतात, मेंदूला सूज येते. १९८६ पासून अमेरिकेत ॲस्पिरिनच्या डब्यावर याची सूचना छापणं सक्तीचं झालं आणि आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आपल्याकडे घरातल्या आजोबांची हृदयासाठीची ॲस्पिरिन हाताशी असते, म्हणून सांगतो : तापलेल्या मुलाला ती द्यायची नाही. डेंग्यूचा संशय असेल तर मोठ्यांनीही ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही, तिथे कारण रक्तस्रावाचं आहे.

विषाणूरोधक औषधांचा धडा याहून कडवट होता. यातली बरीच औषधं विषाणूच्या जनुकीय मजकुरात खोटी अक्षरं घुसवून त्याची नक्कल थांबवतात. मायटोकाँड्रियाच्या डीएनएची नक्कल करणारं एन्झाइमही कधी कधी अशा अक्षरांना फसतं. एचआयव्हीवरच्या झिडोव्हुडिनने काहींचे स्नायू कमजोर केले. स्टॅव्हुडिनने हातापायांना मुंग्या आणल्या, गालांवरची चरबी उतरवली, आणि शेवटी ते जगभर मागे घ्यावं लागलं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फायालुरिडिन हे हेपॅटायटिस बी वरचं नवं औषध १५ जणांना दिलं जात होतं. काही आठवडे सगळं ठीक. मग एकेकाचं यकृत ढासळू लागलं, औषध थांबवल्यावरही ढासळत राहिलं. सात जणांना गंभीर इजा झाली, पाच दगावले, दोघे यकृतरोपणामुळे वाचले.

आधी प्राण्यांवरच्या चाचण्यांत हे दिसलं नव्हतं, आणि त्याचं एक कारण बऱ्याच वर्षांनी उमगलं. माणसाच्या मायटोकाँड्रियावर एक वाहक प्रथिन असतं, ते हे औषध आत ओढून घेतं. उंदराच्या मायटोकाँड्रियावर ते प्रथिन तसं नसतं. आता या जातीचं कुठलंही औषध माणसाला देण्याआधी ते मानवी पेशींतल्या मायटोकाँड्रियावर आणि डीएनएची नक्कल करणाऱ्या त्या एन्झाइमवर तपासून घेतात.